माझी बारी

आमच्या दादाला एखादी वस्तू चालवता आली नाही की तो वस्तूला नाही, तिच्या मालकाला शिव्या घालतो. त्या रविवारी सकाळी मी पिशोरहून सिडकोतल्या त्याच्या घरी पोचले, तेव्हा तो गयासभाईंवर तडतडत होता.

"तुझा डबा मेलाय, हे एकदाचं मान्य कर. माझ्या टीव्हीला कशाला नावं ठेवतो?"

"डब्याला काय बी झालं नाय," गयासभाई म्हणाले. "तुझा टीव्हीच जास्त शिकेल हाय. जुन्या मान्सांशी बोलायची त्याला शरम वाटते."

भिंतीवरचा भला मोठा टीव्ही खाली उतरवून दिवाणावर लोडाला टेकवून ठेवला होता. त्याच्या पुढ्यात सतरंजीवर तो होता. काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा कॉम्प्युटर. त्याला बघून मला गलबलून आलं आणि पाठोपाठ रागही आला. त्या डब्यावर माझी एक बारी बाकी होती, लहानपणापासूनची.

गयासभाई आणि दादा शाळेत एका बाकावर बसायचे. गयासभाईंच्या मामूंनी सौदीहून येताना भाच्यासाठी हा कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीला जोडल्याशिवाय चालायचा नाही आणि शहागंजातल्या त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. तो आमच्याकडे होता. म्हणून कॉम्प्युटर त्यांचा आणि टीव्ही आमचा अशी भागीदारी झाली, आणि त्या भागीदारीत मी वायर धरायला होते. करंटची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात ढिली बसायची. चिकटपट्टी लावून झाली, रबरबँड गुंडाळून झाले, काडेपेटीची काडी खुपसून झाली. उपयोग शून्य. वायर बोटांनी खाली दाबून किंचित डावीकडे ओढून धरली तरच तो चालू राहायचा. उघडून दुरुस्त करावा तर मामूंची भीती. आणि घरात दहा वर्षांची बहीण रिकामी बसलेली असताना दुरुस्ती कोण करतो?

दादाने त्या कॉम्प्युटरवर स्वतः एक खेळ लिहून कॅसेटवर उतरवून ठेवला होता; टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली की किंकाळीसारखा आवाज करत तो कॉम्प्युटरमध्ये चढायचा. नाव 'घाट'. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरणारी एसटी. एसटी म्हणजे इंग्रजी व्ही हे अक्षर, आणि दोन्ही बाजूंच्या दऱ्या म्हणजे फुल्यांच्या रांगा. रस्ता वळत वळत समोरून सरकत यायचा. एक बटण डावीकडे नेणारं, एक उजवीकडे. फुलीला टेकलात की स्क्रीनवर यायचं, 'गेली दरीत'. दोघं आळीपाळीने खेळायचे, आळीपाळीने दरीत जायचे आणि तू हात हलवलास म्हणून माझ्यावर ओरडायचे. मी टीव्हीच्या बाजूला मांडी घालून वायर धरून बसलेली. "माझी बारी कधी?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुझी बारी मग." पुढे दादा इंजिनिअरिंगला गेला, टीव्ही बिघडला, कॉम्प्युटर गयासभाईंच्या माळ्यावर गेला. चाळीसगाव कोणी गाठलं नाही आणि माझं ते 'मग' काही आलं नाही.

आता घर रंगवायला काढलं म्हणून गयासभाईंनी माळा उपसला आणि डबा, टेपरेकॉर्डर आणि कॅसेट असं सगळं घेऊन ते दादाकडे आले होते. हा बेत सांगताना फोनवर दादाचा आवाज असा पोरासारखा झाला होता, की मी शनिवारी रात्रीच जेवणाचा डबा भरून ठेवला आणि सकाळची पहिली बस पकडली.

पण टीव्हीवर काही येत नव्हतं. कॉम्प्युटरची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घातली होती. टीव्ही चॅनल शोधायचा, हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि शेवटी यायचं, 'सापडलेले चॅनल : शून्य'. दादाने जुन्या पद्धतीचा शोध लावून बघितला, नव्या पद्धतीचा लावून बघितला. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, सर, असला कॉम्प्युटर मी जन्मात पाहिला नाही. जुन्या मशिनचं चित्र नव्या टीव्हीला कळावं म्हणून दादाने आधीच ऑनलाइन एक कन्व्हर्टरसुद्धा मागवला होता. तो मध्ये जोडला, तरी पडदा काळा तो काळाच, म्हणून काढून ठेवला.

"अहो, आज तरी टीव्ही भिंतीवर जाणार आहे का?" तनुजावहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं. "का मी जाऊन शेजारी बसू?"

"झालं गं," दादा म्हणाला. "आता शेवटचं बघतो."

"हे शेवटचं सकाळपासून पाचव्यांदा," वहिनी मला म्हणाली आणि चहाचा ट्रे माझ्या हातात दिला.

मी ट्रे घेऊन गेले. तो खाली ठेवायला वाकले आणि माझा हात आपोआप कॉम्प्युटरच्या पोटाखाली गेला. थंडीच्या दिवसांत वायर धरून बोटं गारठली, की मी तशीच शेकायची. चालू असला की डावा कोपरा कायम गरम लागायचा.

कोपरा थंडगार होता.

मला सगळं कळलं. त्या डब्याला दिवा नाही, चालू आहे की बंद हे बघून समजत नाही. या दोघांनी पिन भोकात घातली, बटण दाबलं आणि तो चालू झाला असं धरून चालले. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं चॅनल सकाळपासून शोधणं चाललं होतं. वायर धरावी लागते हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. का असेल? ती त्यांनी कधी धरलीच नव्हती!

मला असा संताप आला म्हणता! आणि त्याच वेळी हसूही यायला लागलं. मी गप्प बसले. चहा घेतला. बिस्कीट खाल्लं. दोन मोठी माणसं एकमेकांना काय काय बोलतात ते मनसोक्त ऐकलं.

शेवटी गयासभाईंनी हात टेकले. "जाऊ दे बद्री. उद्या भंगारवाल्याला देऊन टाकतो. नसीबच नाय आपलं."

"मी चालू करून दिला तर?" मी विचारलं.

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"तू?" दादा म्हणाला. "तुला काय येतं त्यातलं?"

"ते माझं मी बघते. पहिली बारी माझी. बोला, कबूल?"

"रूपे, आधी चालू तर होऊ दे."

"आधी कबूल."

"कबूल, बाबा, कबूल," गयासभाई म्हणाले. "अल्लाची कसम, पहिली बारी तुझी."

दादा नुसता मान हलवत होता. मी त्याच्याकडून तोंडाने 'व्हय' वदवून घेतलं. मग सतरंजीवर बसले आणि करंटची वायर चिमटीत धरली. खाली दाबली, किंचित डावीकडे ओढली. बोटांना ती जागा तशीच्या तशी आठवत होती. क्षणभरातच टीव्हीतून बारीक खर्रखर्र आली.

"आता शोध," मी म्हणाले. "जुन्या पद्धतीनं."

हिरवी पट्टी निघाली. थोडी पुढे गेली आणि थबकली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग मुंग्या विरत गेल्या आणि तो भला मोठा टीव्ही कडेपासून कडेपर्यंत पांढराशुभ्र झाला. तळाशी कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची एक काळी ओळ. लहानपणी तळहाताएवढी दिसायची, आता दोन हात लांब दिसत होती.

गयासभाई ओरडलेच. दादाने त्यांना मिठी मारली. वहिनी ओला हात घेऊनच बाहेर आली. कन्व्हर्टरची गरजच पडली नव्हती, तो बिचारा कोपऱ्यात पडून होता.

"वायर!" दादाने कपाळावर हात मारला. "अरे, ती वायर धरायला लागायची!"

"आठवलं का?" मी म्हणाले. "कोण धरायचं, ते बी आठवलं का?"

तो डोकं खाजवायला लागला.

"खेळायला मला दोन्ही हात लागतेत, दादा. इकडं ये. बस खाली. खाली दाब, डावीकडं वढ. आणि हलू नको."

एका कंपनीत मोठा साहेब असलेला माझा भाऊ गुडघे मोडून खाली बसला आणि त्याने वायर धरली. गयासभाईंनी कॅसेट लावली. पहिल्यांदा काही झालं नाही. आवाज वाढवला तशी ती किंकाळी फुटली आणि पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायला लागले. "घरात पिठाची गिरणी लावली का?" वहिनीने विचारलं, पण ती तिथून हलली मात्र नाही. थोड्या वेळाने अक्षरं उमटली. 'घाट'.

मी बटणांवर बोटं ठेवली. या बारीची मी किती वाट पाहिली होती, हे मलाच त्या क्षणी कळलं. एसटी निघाली. पहिली वळणं मी सहज काढली. रस्ता अरुंद झाला, तशी मी बटणं जोरात दाबायला लागले.

"उजवीकडं! रूपे, उजवीकडं घे!" दादा ओरडला आणि ओरडता ओरडता उठला.

पडदा काळा झाला.

"दादा!"

"सॉरी, सॉरी, सॉरी." तो पुन्हा खाली बसला. "गेलं सगळं. आता पुन्हा कॅसेट लावायची, आणि आता घाट बी दुसराच येणार. चांगली चालली होतीस गं."

"दुसरा नाय येणार. तोच येणार."

"अगं, मी लिहिलाय तो खेळ. वळणं कॉम्प्युटर मनानं काढतो. दरवेळी वेगळी."

"बंद करून चालू केलं की पहिला घाट तोच असतो. दुसऱ्या डावापासून बदलतो. तुम्ही भांडत बसायचे, मी बघत बसायचे. वायर कितीदा निसटायची? तितक्यांदा तोच घाट बघितलाय मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. गयासभाईंनी कॅसेट मागे फिरवली. पुन्हा किंकाळी, पुन्हा पट्टे, पुन्हा 'घाट'.

"ऐका," मी म्हणाले आणि पडद्यावर काही दिसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "डावी. डावी. सरळ. उजवी. आता मोठी डावी."

आणि घाट माझ्यामागून यायला लागला. मी डावी म्हणायचे, रस्ता डावीकडे वळायचा. मी उजवी म्हणायचे, तो उजवीकडे वळायचा. पाढे म्हणावेत तशी ती वळणं माझ्या तोंडून निघत होती, आणि ती माझ्यात कुठे इतकी वर्षं राहिली होती, देव जाणे. गयासभाई आधी हसत होते, मग हसायचे थांबले आणि माझ्याबरोबर पुटपुटायला लागले. रस्ता अगदी एसटीपुरता उरला. दादा कधी वायरीकडे, कधी पडद्याकडे बघत होता. श्वाससुद्धा घेत नव्हता बिचारा, पण हात हलवला नाही. जिथे दोघं कायम दरीत जायचे ते वळण आलं. आधी उजवी दाखवून ऐन वेळी डावी मारणारं.

"इथं फसवतो," मी म्हणाले आणि आधीच डावीकडे घेतलं.

त्याच्या पुढचा रस्ता मला ठाऊक नव्हता. तो कोणीच बघितलेला नव्हता. तोंड बंद झालं आणि नुसते डोळे आणि बोटं उरली. एक वळण, मग अजून एक. मग फुल्या दोन्ही बाजूंनी मागे हटत गेल्या, रस्ता रुंद रुंद झाला, एसटी थांबली आणि टीव्हीभर मोठी अक्षरं उमटली. इंग्रजी लिपीत, पण मराठी.

'शाब्बास बद्री. चाळीसगाव आले. आता गयासची बारी.'

वहिनीने टाळ्या वाजवल्या. त्या लगेच थांबल्या, कारण तिनेही वाचलं होतं.

"अबे," गयासभाई हळूच दादाला म्हणाले, "जीतने के पहलेच खुद को शाबाशी लिखके रक्खा तू?"

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? जिंकले होते, आणि तरी त्या दोन नावांकडे बघून दहा वर्षांच्या पोरीसारखं रडू आलं.

दादा खाली मान घालून बसला होता. "रूपे," तो म्हणाला, "तुझं नाव माझ्या डोक्यातच आलं नसणार तेव्हा. तू होतीस, पण…" त्याने मोकळ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "ओळ बदल. कशी बदलायची ते मी सांगतो." आणि सांगायला उठायला लागला.

"वायर!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

तो खाली बसला. बसल्या जागेवरून सांगत गेला, मी बटणं दाबत गेले. खेळ थांबवला, शेवटची ओळ काढली, त्याचं नाव एकेक अक्षर करत पुसलं. पुसताना मला कसलंही वाईट वाटलं नाही. मग लिहिलं, 'शाब्बास रूपाली. चाळीसगाव आले. आता'. तिथे थांबले.

"माझंच राहू दे," गयासभाई म्हणाले. "कॉम्प्युटर माझा हाय."

"आणि मी?" दादा म्हणाला. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात इथं."

मी दोघांकडे नीट बघून घेतलं आणि लिहिलं, 'आता पुन्हा रूपालीची बारी'.

"आणि आमची?" दादाने विचारलं.

"तुमची बारी मग," मी म्हणाले. "वायर हलवू नको."