नळापर्यंतचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोरी नव्हे हं, दोर! कपडे वाळत घालतात ती दोरी. मी चांगला अंगठ्याएवढा जाड आहे आणि उमेदीच्या काळात मी धान्याची पोती उचलली आहेत. आता माझे धागे सुटले आहेत, अंगाला मातीचा वास येतो आणि स्वभावही जरा चिडका झालाय. तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. काथ्याचे धागे पिळून पिळून मला घडवलं. तेव्हा फार दुखलं, पण तो पीळ होता म्हणूनच मी इतकी वर्षं टिकलो. तिथून मी एका गोदामात आलो. कप्पीवरून दिवसभर वर आणि खाली, खाली आणि वर. मला धरण्याआधी हमाल तळहातावर थुंकायचे, ते मला मुळीच आवडायचं नाही. पण एक हमाल काम संपलं की मला नीट गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचा. "हा आहे म्हणून आपली पाठ शाबूत आहे रे," असं इतरांना सांगायचा. मग काय, माझी छाती फुगायची. हा हमाल म्हणजे नुसता हाडांचा सापळा, फुंकर मारली तर उडेल असा. म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

आणि मग भूकंप झाला. गोदाम बसलं. पैलवानाने मला ढिगाऱ्यातून ओढून काढलं आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्याच जोरावर तुळया, दारं, कपाटं बाजूला केली. त्यांच्याखाली काय काय सापडलं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते आठवायचं नाही.

ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी एका मोठ्या मैदानावर तंबू उभे राहिले. त्यातल्या एका तंबूत एक मावशी आणि तिची भाची राहायला आल्या. मावशीला कित्येक वर्षांपासून दिसत नव्हतं. पण स्वतःच्या घरात तिचं कुणावाचून अडत नव्हतं. उंबरा कुठे, ओटा कुठे, मोरीला जाताना भिंत कुठे वळते, सगळं तिच्या हातांना पाठ होतं. भूकंपात तिचं घर गेलं तेव्हा तिचे डोळे दुसऱ्यांदा गेले, असंच म्हणा ना! उघड्या मैदानात चाचपायला भिंत कुठून आणायची?

भाची सकाळीच ढिगारे उपसायच्या कामावर जायची. मावशी दिवसभर तंबूत. नळावर जायचं, संडासला जायचं, तर कुणाला तरी बोलवायचं. एकदा पैलवान तिला हात धरून नळावर नेत होता, तेव्हा ती रडायलाच लागली. "काय मेलं हे जिणं! एवढ्या तेवढ्यासाठी माणूस शोधत बसायचं. यापेक्षा त्या छपराखाली गेले असते तर बरं झालं असतं."

"असं बोलू नका मावशी," पैलवान एवढंच म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी तो मला खांद्यावर टाकून घेऊन आला. त्याने जमिनीत बांबू रोवले आणि मला कमरेच्या उंचीवर ताणून बांधलं. मावशीच्या तंबूपासून नळापर्यंत, आणि तिथून पुढे बायकांच्या संडासापर्यंत. नळापाशी त्याने माझ्या अंगाला एक गाठ मारली, पुढे जोडीने दोन.

"मावशी, हा दोर धरून चालायचं. एक गाठ लागली की नळ. दोन लागल्या की..."

"कळलं, कळलं! पुढचं गावभर ओरडून सांगू नकोस," मावशी म्हणाली आणि हसली. छावणीत आल्यापासून पहिल्यांदाच ती हसली असेल.

पोत्यांची सवय असलेल्या मला तिच्या हाताचं वजनच कळायचं नाही. तळहात माझ्यावरून अलगद सरकत जायचा, गाठीपाशी थांबायचा. मावशी स्वतःचा पाण्याचा जग स्वतः भरून आणायची. नळावर बायकांशी गप्पा मारायची, कोण रांग मोडतंय ते आवाजावरून ओळखून त्याची खरडपट्टी काढायची. खरं सांगतो मित्रांनो, गोदामात मी एवढी पोती उचलली, पण इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

ही छावणी एक ताई सांभाळायची. तरुण होती, सदा धावपळीत, आणि मनाने फार चांगली. उगाच खोटं कशाला बोलू? पैलवान ट्रकबरोबर दुसऱ्या छावणीवर गेला असताना एक स्वयंसेवक जेवणाचं पातेलं घेऊन घाईने आला तो थेट माझ्यात अडकला. पातेलं उपडं झालं आणि एका अख्ख्या रांगेचं जेवण मातीत गेलं.

"हा दोर आधी काढा," ताई म्हणाली. "उद्या कुणाचा हातपाय मोडला म्हणजे?"

मग ती मावशीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. "मावशी, तुम्ही आता उठायचंच नाही. पाण्याचा जग आम्ही उशाशी भरून ठेवू. कुठे जायचं झालं तर नुसती हाक मारा, आमची मुलं धावत येतील."

"बरं," मावशी म्हणाली.

दुसऱ्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही हो! अरे, तिला विचारा तरी, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण दोराचं कोण ऐकतो? मला तिच्याच तंबूच्या ताडपत्रीवर आवळून टाकलं, म्हणून पुढचं सगळं मला बघावं लागलं.

ती मुलं म्हणजे विशीतले पोरगे. मावशीने एकदाच हाक मारली. पोरगा आला, तिला संडासला घेऊन गेला आणि दाराबाहेर मोठमोठ्याने फोनवर बोलत उभा राहिला. आजूबाजूचे सगळे माना वळवून बघायला लागले. मावशी लाजेने अर्धी झाली. त्यानंतर तिने कुणालाच हाक मारली नाही. जावंच लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं. ओठ ओले करायची, एखादा घोट घ्यायची. मात्र जग भरलेला दिसला तर दहा प्रश्न येणार, म्हणून तंबूची कड उचलून उरलेलं पाणी हळूच मागे ओतून द्यायची.

"वा मावशी, जग रिकामा! शाब्बास!" पोरं म्हणायची.

"तुझं तोंड किती सुकलंय गं," भाची काळजीने विचारायची. "पाणी पितेस ना?"

"पिते गं बाई. विचार त्या मुलांना."

मुलं हो म्हणायची. बिचारी भाची निश्चिंत होऊन दमून झोपी जायची.

ऊन तापायला लागलं आणि एका दुपारी मावशी उठेचना. तिला झोळीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी भाची आणि ताई तिचे कपडे न्यायला आल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डॉक्टर म्हणतात अंगात पाणीच नव्हतं. असं कसं होईल? जग तर रोज रिकामा व्हायचा!"

कपडे गोळा करता करता भाचीचं लक्ष तंबूच्या मागे गेलं. सगळं मैदान पायांनी तुडवून उजाड झालेलं, आणि तेवढ्याच जागी हिरवंगार गवत उगवलं होतं.

"ताई, इकडे या," भाची म्हणाली.

ताईने गवत पाहिलं, मग तंबूची कड उचलून आतल्या रिकाम्या जगाकडे पाहिलं.

पैलवान परत आला. सगळं ऐकून तो मला ताडपत्रीवरून सोडायला लागला. ताईने स्वतः बांबू धरले. मला पुन्हा ताणून बांधलं, तशाच गाठी मारल्या. जेवणाची पातेली न्यायची वाट त्यांनी पलीकडच्या बाजूने काढली. त्याला फारसा वेळ लागला नाही. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

आता मावशी येणार म्हणून मी ताठ होऊन वाट बघत होतो. गाडी आली. तिच्यातून भाची एकटीच उतरली. तिच्या हातात मावशीच्या चपला होत्या.

त्यानंतर मला कुणी सोडलं नाही. माझ्यावर कुणी कपडेही वाळत घालत नाही. उन्हापावसात एक दिवस मी तुटेन, त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. कुणाला मदत करायला जाल, तेव्हा आधी त्याच्याजवळ बसा आणि तुम्हाला काय हवं, असं विचारा. त्याने नुसती मान डोलावली तर तेवढ्यावर उठू नका. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. त्या 'बरं'नंतर कुणी विचारलं असतं, तर आमची मावशी बोलली असती.