चोळू नये

अंगदच्या हातातली वज्री ओढून घ्यायला शिवकन्येला दोन्ही हात लावावे लागले. मायची टाचा घासायची पितळी वज्री होती ती. तिच्या दात्यांत साबणाचा फेस, कातडीचे पांढुरके कपचे आणि रक्त अडकलं होतं. न्हाणीतल्या दगडावर उकिडवा बसून अंगद चांगली दहा मिनिटं तिनं स्वतःचे गाल खरवडत होता, करपलेलं पातेलं घासावं तसे.

"आण ती इकडं," तो म्हणाला.

"तोंड हाय का तवा? काय करायलास तू?"

"आक्का, आण म्हणलं ना."

तो उभा राहिला. वीस वर्षांचा, पंच्याऐंशी किलोंचा गडी. न्हाणी त्याला अपुरी पडायची. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. तिनं वज्री सोडली नाही, म्हणून त्यानं तिला छातीवर तळहात ठेवून ढकलून दिलं. तिचं कोपर दगडाच्या कडेवर आपटलं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. आवाज ऐकून पिठाचे हात तसेच घेऊन मंजुळाबाई पळत आल्या. मधे पडू नये हे त्यांना गेल्या दोन महिन्यांत कळायला हवं होतं. पण आईला कुठलं कळतंय. अंगदनं हाताला लागला तो तांब्या भिरकावला. कुणाला मारायचा म्हणून नाही, नुसताच. पण तो त्यांच्या भुवईवर बसला.

मंजुळाबाई खाली बसल्या आणि पिठाच्या हातानंच त्यांनी भुवई दाबून धरली. पीठ लाल व्हायला लागलं. अंगद त्या पिठाकडं बघत राहिला आणि ओल्या कपड्यांनिशी बाहेर निघून गेला.

भगवानराव, पोरांचे बप्पा, गोठ्यातून आले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांनी बायकोच्या जखमेत हळद भरली, फडकं बांधलं आणि लेकीला म्हणाले, "पैलवानाचं डोकं जरा गरम असतंच. रविवार एकदा निघू दे."

रविवारी बीडला कुस्तीची निवड चाचणी होती. गेल्या साली अंगद तिथवर जाऊन वजनाच्या काट्यावर न चढताच परत आला होता. काट्याआधी डॉक्टर अंगाची कातडी तपासतात. गजकर्ण, पू, उघडी पुटकुळी दिसली की पोराला मॅटवर सोडत नाहीत, कारण समोरच्याला लागण होते. त्या वेळी त्याच्या मानेवर दोन-चारच फोड होते. डॉक्टरांनी हातमोजा घातलेल्या बोटानं त्याची हनुवटी वर केली, डावी-उजवीकडं फिरवली आणि "पुढचा" म्हणाले. अंगदला हरल्याचं दुःख झालं असतं तर ते त्यानं पचवलं असतं. पण बाजारात बैलाचे दात बघावेत तसं तोंड बघून परत पाठवलेलं त्याच्या मनातून जाईना. आणि आता तर दोन-चारांचे शंभर झाले होते.

शिवकन्या कडा गावातल्या एका मेडिकलमध्ये कामाला होती. अंबाजोगाईला राहून तिनं फार्मसीचा डिप्लोमा केला होता, आणि भावाच्या तोंडाचं आपण बघून घेऊ असा तिला भरवसा होता, थोडा जास्तच. सुरुवात अंगदनंच केली होती. तालमीतल्या पोरांनी सांगितलं म्हणून त्यानं अक्रोडाच्या टरफलाच्या कणांचं स्क्रब मागवलं. सुजलेल्या फोडांवर ते घासलं की फोड फुटून पसरतात हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आक्का, घाण हाय ती, घासल्याबिगर कशी निघंल?" मातीत वाढलेल्या पोराला घासण्यापलीकडं स्वच्छतेचा दुसरा प्रकार ठाऊक नव्हता. मग तिनं ते स्क्रब उकिरड्यावर फेकलं आणि नीट निवडून, आतल्या घडीच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचून, सॅलिसिलिक अॅसिडचं दोन टक्क्यांचं फेसवॉश आणलं. त्यानं मेलेली कातडी आपोआप सुटते, हात लावावा लागत नाही. ते पुरेना म्हणून रात्री लावायचं मलम आणलं, आधी सौम्य, मग त्याच्या वरचं. तालमीत जाण्याआधी तेल लावू नकोस म्हणाली, उशीचा अभ्रा रोज धुतला. चार महिने झाले. फोड गालांवरून गळ्यावर, गळ्यावरून खांद्यांवर आणि पाठभर उतरले होते. एखादं औषध लागू पडत नाही म्हणजे दुसरं निवडायचं, एवढंच तिला माहीत होतं, आणि ती निवडत राहिली.

मंगळवारी दुपारी भागवतला दोघांनी धरून दुकानात आणलं. भागवत हा अंगदचा तालमीतला जोडीदार. त्याचा उजवा हात त्याचा नसल्यासारखा लोंबत होता आणि ओठ पांढरे पडले होते. दुकानाचे मालक उत्तरेश्वर काका उठून बाहेर आले. त्यांनी खांदा नुसता बघितला, हात लावला नाही.

"निखळलाय. इथं काय करणार मी? आष्टीला न्या आधी. शिवकन्या, झोळी बांध त्याला."

ती झोळी बांधत असताना भागवत तिच्याकडं न बघता बोलत होता.

"म्या नुसतं म्हणलं, तुझ्या तोंडाचा पू माझ्या मानंला लागायलाय. बस. एवढंच म्हणलं. पाठ टेकली होती आक्का, मी हरलो होतो, वस्ताद थांब म्हणत होते. तरी त्यानं हात सोडला न्हाई. मागं ओढतच गेला. आवाज आला बघा, उसाचं कांडं मोडल्यावानी."

शिवकन्येच्या हातातली गाठ सुटली. तिनं ती पुन्हा बांधली. तिला भागवतची दया आली आणि त्याहून जास्त शरम वाटली. आपल्या घरातलं काहीतरी रस्त्यावर सांडलं आहे आणि येणारे-जाणारे ते तुडवून चालले आहेत, असं.

भागवतला नेल्यावर उत्तरेश्वर काका बराच वेळ बिलबुकाच्या कडा सारख्या करत बसले. मग म्हणाले, "पाठीवर बी आलेत का त्याच्या?"

"व्हय. खांद्यावर, पाठीवर."

"आणि राग असा कधीपासून?"

"काका, पैलवान हाय तो."

"मी तीस वर्षं पैलवान बघायलो. पोरी, ते काही तोंडाला लावायच्या औषधानं जायचं न्हाई. काय टोचून घेतो ते विचार त्याला."

तिला राग आला. अंगद चहासुद्धा पीत नव्हता. घरचं दूध, तूप, बदाम, हरभरे. सगळं बप्पांच्या देखरेखीखाली, त्यांच्या हातचं. "आमच्या घरी तसलं चालत न्हाई," ती म्हणाली आणि जनावरांच्या औषधांचं कपाट उगाच लावत बसली.

कड्यातल्या त्या दुकानात दोन बाजू होत्या. डावीकडं माणसांचं, उजवीकडं गुरांचं. घरोघरी दोन्ही एकाच पिशवीतून जायचं, म्हणून गफलत होऊ नये यासाठी काकांनी रीत घालून दिली होती: प्रत्येक खोक्यावर पेनानं लिहायचं, कुणासाठी आणि कसं. 'आजीसाठी, जेवणानंतर.' 'शेळीसाठी, पाजायचं.' शिवकन्येचं अक्षर मोठं आणि गोल होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं तेसुद्धा तिच्या अक्षराचं कौतुक करायचे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अंगद ओसरीच्या पायरीवर बसला होता. गालांवर खपल्या धरल्या होत्या. आत मंजुळाबाई फडकं बांधलेल्या डोक्यानं भाकरी थापत होत्या, आणि त्या थापण्याच्या प्रत्येक आवाजासरशी तो खाली बघत होता.

"भागवतचा हात बसवला का?" त्यानं विचारलं.

"बसवला. तीन महिने मातीत उतरायचं न्हाई त्यानं."

"मला थांबायचं होतं आक्का. हात थांबंना." त्याचा आवाज फाटला. "मायला लागलं तवा बी तसंच. डोक्यात काय शिरतंय, मलाच कळंना. रविवारी पुन्हा माघारी पाठवलं ना, तर मी त्या डॉक्टरला..."

एवढा मोठा गडी, पण त्या क्षणी तो तिला आठ वर्षांचा दिसला. गेल्या कित्येक दिवसांत तिला पहिल्यांदाच त्याच्याजवळ बसायची भीती वाटली नाही. ती आतून मलम घेऊन आली.

"बनियन काढ. पाठीला लावते."

त्यानं निमूटपणे बनियन काढलं. पाठ बघवत नव्हती. ती बोटाच्या टोकानं, न चोळता, एकेका फोडावर नुसतं टेकवत गेली. चोळायचं नाही, हे ती तोंडानं त्याला सांगतही होती. मग कमरेच्या वर, डाव्या बाजूला तिचं बोट एका गाठीवर थांबलं. फोड नव्हता तो. कातडीखाली सुपारीएवढी टणक गाठ, आणि वर बारीक काळा ठिपका. शेजारी आणखी एक. उजव्या बाजूला तीन.

"हे कशाचं रे?"

"सुईचं."

"कोण टोचतंय तुला सुई?"

अंगदनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं.

"कावून? बप्पाच की. दर बुधवारी. तूच पाठवतीस न्हवं? बप्पा म्हणले, आक्कानं तुझ्यासाठी निवडून दिलंय, ताकदीचं हाय."

आत भाकरी थापायचा आवाज चालूच होता. शिवकन्येनं मलमाचं झाकण लावलं. ते आट्यांवर बसेना, तिरकं जात राहिलं. दर बुधवारी कड्याचा बाजार उरकून बप्पा दुकानात यायचे आणि उजव्या बाजूला उभे राहायचे. "मण्याचं दे गं, बैल लई खंगलाय." घरचाच माणूस म्हणून तिनं कधी जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी मागितली नव्हती. दर बुधवारी ती अंग भरायच्या इंजेक्शनचं एक खोकं काढायची आणि मोठ्या गोल अक्षरांत त्यावर लिहायची, 'बैलासाठी. आठवड्याला एक.'

"आता आणखी टोचून घेऊ नको," एवढंच ती म्हणाली.

बुधवारी सकाळी दुकानाला निघण्याआधी ती गोठ्यात गेली. मण्याच्या बरगड्या नेहमीसारख्या मोजता येत होत्या. तिनं त्याच्या मानेवरून, पुठ्ठ्यावरून, मांडीवरून सावकाश हात फिरवला. कुठंही गाठ नव्हती. इतक्या महिन्यांत त्याच्याकडं एकदा नीट बघितलं असतं तरी पुरलं असतं. ती त्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली आणि रडली, आणि मग तोंड धुऊन कामाला गेली.

दुपारी बप्पा आले. बाजाराची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

"मण्याचं दे गं."

"चिठ्ठी लागंल."

"आं?"

"चिठ्ठीबिगर न्हाई देता येत."

"आजवर दिलीस की! बैल मरंल माझा."

"बैलाला काय बी झालेलं न्हाई बप्पा. सकाळी मी त्याच्या समद्या अंगावरनं हात फिरवून आले."

भगवानरावांचा हात उठला. काउंटरवरून वाकून त्यांनी तो इतक्या जोरात मारला की तिच्या कानातलं तुटून काचेवर पडलं. गिऱ्हाइकं मागं सरली. उत्तरेश्वर काका उठले. शिवकन्येनं त्यांना हातानंच थांबवलं. तिचा गाल जळत होता. ती मागं हटली नाही.

"अंगदच्या कमरंवर बी फिरवला," ती म्हणाली. "आणि मायचं कपाळ, भागवतचा खांदा, हे समदं तिथनंच आलंय. माझ्या हातानं गेलंय. त्याला तुमी सांगता का मी सांगू?"

बप्पांनी उठलेला हात खाली घेतला आणि तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा पिशवीत घातला.

"अंग भरत न्हवतं गं त्याचं," ते हळू म्हणाले. "सुईनं भरायलं होतं."

"या रविवारी त्यानं जायचं न्हाई."

गिऱ्हाइकांनी आपापल्या गोळ्या घेतल्या आणि ती निघून गेली. बप्पा तरी तिथंच. मग ते उजव्या बाजूनं सरकत सरकत डाव्या बाजूला आले, जिथं ते कधी उभे राहिले नव्हते, आणि काचेतल्या ट्यूबांच्या रांगेकडं बघत राहिले.

"त्याच्या तोंडाला," ते म्हणाले, "यातलं कुठलं चालंल?"

शिवकन्येनं सगळ्यांत सौम्य होतं ते निवडलं. पेन काढलं. खोक्यावर लिहायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण अक्षर नीट यायला हवं होतं. मोठं, गोल.

'अंगदसाठी. रात्री. चोळू नये.'