आठ बोटांचं अंतर

रफूवाल्या मावशीची पाठ काही एका दिवसात वाकली नव्हती, म्हणून ती वाकली आहे हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीस वर्षं ती खिडकीपाशी मांडी घालून लोकांच्या कोटांची, शालींची भोकं बुजवत आली. धागा त्याच कापडातून काढायचा आणि त्याच कापडात मुरवायचा. काम असं की, भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालासुद्धा सांगता येऊ नये. आधी मान पुढे आली, मग खांदे, आणि शेवटी तिची नजर कायमची जमिनीवर राहायला गेली. माणसं ती चपलांवरून ओळखायची.

एका सकाळी खाली पडलेली सुई उचलताना पाठीत अशी कळ आली की ती तशीच ओणवी राहिली. थोरल्या बहिणीने आणि भाचीने तिला दोन्हीकडून धरून पलंगावर नेलं. घरात ह्या तिघीच. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दोन मणके जरासे दबलेत असं सांगितलं, आणि दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं.

थेरपीच्या बाई ठेंगण्या आणि बडबड्या होत्या. त्यांनी मावशीला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा टेकल्या, पाठ टेकली, पण डोकं काही टेकेना. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये बाईंनी बोटं घालून मोजली.

"आठ," त्या म्हणाल्या. "माझे दोन्ही हात गेले की हो!"

"आता काय सरळ व्हायचंय," मावशी म्हणाली. "पिकल्या पानाचा देठ कुठे वळतो?"

"पन्नाशीत कसलं पिकलं पान? हे बघा, हाडातलं वाकणं माझ्या हातात नाही. सवयीचं मात्र आहे. कुठलं किती, ते तुमची पाठच सांगेल. फक्त घाई नको, आणि पुढे वाकून काही उचलणं तर अजिबात नको."

मग त्यांनी टॉवेलची लांब गुंडाळी केली, तिच्यावर कणा येईल असं मावशीला उताणं झोपवलं, मानेखाली उशी दिली आणि हात दोन्हीकडे पसरायला लावले. "आता काही करू नका. श्वास तेवढा बरगड्यांत जाऊ द्या."

काही न करणं मावशीला ठाऊकच नव्हतं. डोळ्यांपुढे छत होतं, आणि छत तिने कित्येक वर्षांत असं निवांत पाहिलं नव्हतं. खिडकीबाहेरच्या झाडाची सावली त्यावर हलत होती. हलता हलता तिचं कापड झालं, उभ्या-आडव्या धाग्यांचं, भलं मोठं, आणि मावशी त्यावर हलकेच तरंगायला लागली. कुणीतरी खालून एकेक धागा सैल करत होतं. दुखत नव्हतं. लहानपणी नदीत पाठीवर पडून राहिल्यावर कानांत पाणी जसं गुणगुणायचं, तसं काहीसं ऐकू येत होतं.

आठवड्यातून दोनदा ती जायची, आणि घरी रोज तेवढंच करायची. दर वेळी छत थोडं वर गेल्यासारखं वाटायचं. पाचव्या की सहाव्या खेपेला तिथे, मिटल्या डोळ्यांपुढे, तिची आई आली. तरुण, ओल्या हातांची. घरी पाहुणे यायचे होते, दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. आईने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला. "जरा खाली हो गं. ताई बुटकी दिसते."

मावशीने डोळे उघडले, तर कानांपर्यंत पाणी आलेलं.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी उंच होते, बाई. विसरलेच होते."

बाईंनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे सोळा वर्षांची भाची मावशीची वाट बघत बसली होती. ताडासारखी वाढलेली, आणि खांदे असे आत घेतलेले, जणू स्वतःची घडी घालून ठेवली होती.

"ही पण तुमच्याकडेच रफू शिकते का?" बाईंनी हळूच विचारलं.

"छे, हिला सुई ओवता येत नाही," मावशी म्हणाली. पोरगी दाराशी आली की, "डोकं आपटेल गं, किती वाढशील!" असं घरात रोज ती स्वतःच म्हणायची, ते तिला आठवलं.

त्या संध्याकाळी तिने ताईला सगळं सांगितलं. ताईच्या हातातली कणीक हातातच राहिली.

"माझ्यासाठी वाकायचीस तू? मला वाटायचं, तुला माझ्या शेजारी उभं राहायला लाज वाटते."

"लाज कसली? आईची शिस्त."

"आई पण ना!" ताई हसायला गेली आणि रडायलाच लागली. मग कणकेच्या हातांनीच तिने लेकीला हाक मारली, समोर उभं केलं आणि म्हणाली, "ह्या घरात आजपासून कुणी कुणाला उंचीवरून बोलायचं नाही. आणि तू, मान वर कर बघू. आता मलाच वर बघावं लागतंय, बघू दे की."

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी मिळून माळ्यावरचं जुनं उंच टेबल खाली काढलं. मावशी आता खुर्चीत बसून, कापड डोळ्यांसमोर धरून रफू करायला लागली. सुरुवातीला टाके चुकले, दोन शाली उसवून पुन्हा कराव्या लागल्या. तिने भरपूर कुरकुर केली, पण मांडी घालून बसली नाही.

सहा महिन्यांनी अंतर पाच बोटांवर आलं आणि तिथेच थांबलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "उरलेलं हाडाचं आहे. ते आता तुमचंच."

"असू दे," मावशी म्हणाली. "तीस वर्षांची ओळख आहे."

त्या दिवशी ती एकटीच पायी परतली. दुपार कलती होती, गल्ली पिवळसर उजेडात बुडालेली. तिला घरांचे वरचे मजले दिसत होते, वाळत घातलेले कपडे, पत्र्यावर झोपलेलं मांजर. समोरच्या गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. तिला बघून ते थबकले आणि कठड्यावरून वाकून म्हणाले, "नवीन राहायला आलात वाटतं?"

मावशीने त्यांच्या पायांकडे पाहिलं. कठड्याच्या गजांमधून त्या झिजलेल्या तपकिरी सपाता दिसत होत्या. अकरा वर्षं ह्याच गल्लीतून, तिच्या खिडकीवरून जायच्या. त्यांना चेहराही असेल हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली, "आत्ताच आलेय," आणि पाणी अंगावर ठिबकत होतं तरी जरा वेळ तिथेच उभी राहिली.