मी कुणाच्या पाठीवर?

मित्रांनो, आज मला धुऊन गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलं आहे. समुद्रावरून वारा छान सुटला आहे आणि माझ्यातला कापूस वाळायला संध्याकाळ होईल. तेव्हा बोलून घेते. पुन्हा एवढी फुरसत मिळेल याचा भरवसा नाही.

मी एक जुनी पोदेगी आहे. बाळाला पाठीवर बांधायची गोधडी. माझ्या वरच्या कडेला दोन लांब बंद आहेत. बाळ पाठीवर घ्यायचं, मला त्याच्याभोवती लपेटायचं, बंद छातीवरून फिरवून मागे बाळाच्या बुडाखालून घ्यायचे आणि पुढे आणून गाठ मारायची. मग आईचे दोन्ही हात कामाला मोकळे. टोंगयोंगच्या बंदरात पूर्वी माझ्यासारख्या घरोघरी होत्या. आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांतली मी एक, आणि खोटा विनय कशाला, त्यांतली मी चांगली.

मालसून नावाच्या बाईनं मला शिवलं. ती तेव्हा पहिलटकरीण होती. लग्नातली रजई उसवून तिनं हे लाल, मोठमोठ्या फुलांचं कापड काढलं, आत नवा कापूस भरला आणि बोटभर अंतरावर टाक्यांच्या रेघा घातल्या. आमच्या गावच्या बायकांचा टाका असा, की कापड विरेल पण टाका उसवणार नाही. माझं कापड कोपऱ्यांत विरलं आहे. टाके तुम्ही मोजून घ्या.

मालसूनला मुलगी झाली, नानही, आणि मी कामाला लागले. मालसूनचं बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान होतं, अजून आहे. ती मुळा चिरायची, किमची कालवायची, बारीक सुके मासे परतायची, आणि नानही माझ्यात गाढ झोपलेली असायची. शेजारणी म्हणायच्या, "मालसून, ही पोदेगी दे बाई मला, माझं पोर झोपतच नाही." मालसून म्हणायची, "पोर बदलून घे. पोदेगी मिळायची नाही." हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

नानही अडीच वर्षांची झाली आणि तिच्या पाठीवर भाऊ झाला. एका दिवसात ती खाली उतरली आणि तो वर चढला. नानही रडली नाही. ती माझ्या बंदाचं लोंबतं टोक मुठीत धरून दिवसभर आईच्या मागून फिरायची आणि उभ्या उभ्या ते टोक चावायची. मालसूनला वाटायचं, पोरगी हट्टी आहे. तसं नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण गोधडीला कोण विचारतं? ते टोक अजून चघळलेलं, दोरे निघालेलं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

भाऊही मोठा झाला आणि मी कपाटात गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी तीस वर्षं काढली. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की कुणीतरी वर्षातून एकदा ऊन दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

नानहीचं लग्न दोंग्यूशी झालं. तो बेटांवर जाणाऱ्या बोटीवर दोर टाकण्या-सोडण्याचं काम करतो. दोघं मालसूनपाशीच राहतात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्यांना मुलगी झाली, ईसल. तेव्हा मैत्रिणींनी नानहीला पट्ट्यांची आणि क्लिपांची एक नवी पिशवी दिली. तिच्यासोबत कशी वापरायची याची पुस्तिकासुद्धा होती. पण ईसलला तीत बसवलं की तिचे डोळे टक्क उघडे. शेवटी मालसूननं मला बाहेर काढलं, दोन दिवस उन्हात टाकलं आणि लेकीच्या पाठीवर नात बांधली. नानही जिना उतरून दुकानात पोचायच्या आत ईसल घोरायला लागली. "वाच आता पुस्तिका," मालसून म्हणाली.

तुम्ही 'कडेवर घे' म्हणता, आमच्याकडची पोरं 'ओबूबा' म्हणतात, म्हणजे 'पाठीवर घे'. ईसल 'आई' म्हणायच्या आधी ओबूबा म्हणाली. ती पडली तरी ओबूबा, भूक लागली तरी ओबूबा, आणि दुपारी डोळे चोळत आली की ओबूबाच. दोन वर्षं आम्ही तिघी, म्हणजे नानही, ईसल आणि मी, अशा राहिलो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

एकदा दुकानासमोर ईसल ओणवी झाली आणि स्वतःच्या दोन पायांमधून उलटं मागे बघायला लागली. मालसूननं हातातली सुरी खाली ठेवली. "नानही, ही धाकट्याची वाट बघतेय. तुला दिवस गेलेत का बघ."

"आई, पोरं खेळतात अशी."

"तूही अशीच खेळली होतीस. वर्षाच्या आत तुझा भाऊ झाला."

आठवड्याभरात म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं. पोटातल्या बाळालाही आमच्याकडे हाक मारायला नाव लागतं. दोंग्यूनं ईसललाच विचारलं, काय नाव ठेवायचं? तिच्या तोंडात तेव्हा उकडलेला बटाटा होता. ती म्हणाली, "गमजा." आमच्याकडे गमजा म्हणजे बटाटाच. झालं, बाळ गमजा झालं. आणि नावाला जागून त्यानं पोटात ज्या काही गमजा सुरू केल्या, की नानहीला बसू देईना आणि झोपू देईना.

सुरुवातीला नानही माझे बंद पोटाच्या वर, छातीशी बांधून ईसलला पाठीवर घ्यायची. सातव्या महिन्यात तिची कंबर धरली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आता मुलीला उचलायचं नाही, पाठीवर तर मुळीच नाही. मालसूनचे गुडघे कधीच गेलेले. राहिला दोंग्यू.

"जावईबापू, दुपारी बोट धक्क्याला असते ना तुमची?" मालसून म्हणाली. "या पोरीला बांधा की पाठीवर, झोपेल तरी."

दोंग्यूनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या लाल फुलांकडे पाहिलं. "आई, हातावर घेतो. खांद्यावर बसवतो. पण हे फुलाफुलांचं बांधून बंदरावर? बोटीवरचे लोक मला जन्मभर सोडायचे नाहीत."

मग मी पुन्हा कपाटात गेले, खालच्या कप्प्यात. ईसल बापाच्या हातावर झोपत नव्हती. ती जेवेना. भाताचा घास गालात धरून बसायची. तिचे गाल उतरले, दिवसभर किरकिर चालायची. "हिला धाकट्याचा वारा लागलाय," मालसून म्हणायची. आमच्याकडे थोरलं असं झुरायला लागलं की असंच म्हणतात. त्याला औषध नाही म्हणतात. नानही तिला जवळ घेऊन बसायची, गोष्टी सांगायची, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं. काही दिवसांनी किरकिर थांबली आणि ईसलनं ओबूबा म्हणणंही सोडलं. घरातल्यांना वाटलं, शहाणी झाली. मी कपाटात होते, तरी मला ते बरं वाटलं नाही. हे मी पूर्वी एकदा पाहिलेलं होतं.

अशात शिंपल्या विकणाऱ्या बोंग्ये मावशीनं भर बाजारात ईसलची हनुवटी धरली. "काय गं ईसल, तुझ्या पाठीवर कोण येणार? भाऊ की बहीण?"

मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळे असंच विचारतात. पण अडीच वर्षांच्या मुलीनं त्याचा काय अर्थ घेतला असेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं आणि ईसलनं मला ओढून काढलं. दुसऱ्या हातानं तिनं स्वयंपाकघरातल्या टोपलीतला एक मोठा बटाटा घेतला. आम्ही जिना चढून इथे, गच्चीवर आलो. ते समोर आंबवायला ठेवलेल्या सोयाबीनचे रांजण दिसताहेत ना, त्यांच्या मागे ती बसली. बटाटा पाठीमागे धरायचा आणि मला लपेटायचं, हे तिनं किती वेळा केलं म्हणून सांगू! बटाटा घरंगळायचा. ती उठून आणायची. शेवटी तिनं बंदांचा गुंता करून मला कसंबसं अंगाला बांधलं. बटाटा पाठीवर राहिला. मग ती उठायला गेली, तिचा पाय माझ्यात अडकला आणि ती बसकण मारून तिथेच राहिली.

खाली नानहीला वाटलं, ईसल आजीपाशी आहे. मालसूनला वाटलं, आईपाशी आहे. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कळलं, ती कुणापाशीच नाही.

मित्रांनो, आमच्या दारापासून पाणी चाळीस पावलांवर आहे. धक्क्याला कठडा नाही. नानहीची हाक ऐकली आणि माझा कापूस गोठला. दोंग्यू जेवायला येत होता तो तसाच उलटा धक्क्यावर पळाला. बोंग्ये मावशी शिंपल्यांची पाटी टाकून धावली. "ईसल! ईसल!" एवढंच सगळीकडून ऐकू येत होतं. ईसल माझ्यात गुरफटून गप्प बसली होती. मला एकदाच तोंड असतं तर! आयुष्यात मला दुसऱ्या कशाचा एवढा हेवा वाटला नाही.

दोंग्यू धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरला आणि सहज वर बघताना त्याला रांजणांमधून माझा लाल कोपरा दिसला. जिना त्यानं कसा चढला त्यालाच ठाऊक. मागून पोट सावरत नानही आली, तिच्या मागे मालसून, आणि मालसूनच्या मागे बोंग्ये मावशी.

कुणी रागावायच्या आत ईसलच बोलली. "गमजा जड आहे."

दोंग्यूनं तिच्या पाठीवरचा बटाटा पाहिला. "तू का घेतलास गं त्याला?"

"मावशी म्हणाली, माझ्या पाठीवर येणार." तिनं मागे हात नेऊन बटाटा चाचपला. "गमजा माझ्या पाठीवर. मग मी कुणाच्या पाठीवर?"

बोंग्ये मावशीची जीभ साऱ्या बाजारात प्रसिद्ध, तिनं ती चावली. मग दोंग्यू ईसलसमोर पाठ करून खाली बसला, पार गुडघ्यांवर. "माझ्या," तो म्हणाला. "चल, ओबूबा. आई, हे कसं बांधतात ते दाखवा."

मालसूननं माझे बंद त्याच्या छातीवरून आवळले. दोंग्यूची पाठ म्हणजे नानहीच्या दुप्पट, मी जेमतेम पुरले. पण पुरले. तो तसाच खाली उतरला आणि बाजारातून चालू लागला, लाल फुलं घेऊन, ऐन दुपारी. बोटीवरच्यांनी शिट्ट्या मारल्या. बोंग्ये मावशीलाही आता कंठ फुटला होता. "काय हो दोंग्यू, कितवा महिना?"

"तिसरं वर्ष लागलंय, मावशी!" तो ओरडला. सगळा बाजार हसला. ईसल ते ऐकायला जागी नव्हती. सुक्या मासळीच्या दुकानापर्यंतच तिची मान कलली होती.

त्या संध्याकाळी माझी घडी घालताना मालसूनच्या हाताला ते चघळलेलं टोक लागलं. तिनं ते नानहीला दाखवलं. "हे तू चावलंस. भाऊ झाला तेव्हा हे धरून दिवसभर माझ्यामागे फिरायचीस. मी म्हणायची, हट्टी आहे." तिनं निघालेले दोरे बोटानं सारखे केले. "तुझ्यासाठी कुणीच वाकलं नाही गं." नानहीनं ते टोक मुठीत धरलं आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते शेवटी कुणीतरी सांगितलं.

बटाट्याला महिन्याभरात कोंब फुटले, म्हणून मालसूननं तो गच्चीवरच्या जुन्या डब्यात मातीत लावला. त्याच आठवड्यात खरा गमजा जन्मला. मुलगा. त्याचं नाव हानुल ठेवलं आहे, पण त्या नावानं त्याला अजून कुणी हाक मारलेली नाही. नानही बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप पिऊन पडून राहायची, आणि ईसल बापाच्या पाठीवरून खाली वाकून त्याच्याकडे बघायची. "हा गमजा हलका आहे," तिनं सांगून टाकलं. तान्हं मान धरेपर्यंत मला त्याचं काम नव्हतं. त्यामुळे तीन महिने मी ईसलचीच होते. ती पुन्हा जेवायला लागली, तिच्या गालांवरून तुम्हाला कळेलच.

काल गमजाचा शंभरावा दिवस होता, आमच्याकडे तो थाटात साजरा करतात. तांदळाचा पांढरा केक वाफवला होता, नानहीचा भाऊ सहकुटुंब आला होता, आणि डब्यातून निघालेले नऊ बटाटे उकडून मध्ये ठेवले होते. गमजा रडायला लागला तेव्हा ईसल उठली, कपाटापाशी गेली आणि तिनं मला फरफटत आणून नानहीपुढे टाकलं. "त्याला ओबूबा कर," ती म्हणाली.

नानही वाकली. मालसूननं गमजाला तिच्या पाठीवर ठेवलं, माझे बंद बांधले. ईसल बराच वेळ बघत उभी राहिली. मला धाकधूक होत होती, माझं टोक तिच्या अगदी हाताशी लोंबत होतं. तिनं ते धरलं नाही. ती वळली आणि दोंग्यूकडे बघून तिनं दोन्ही हात वर केले. तो खाली बसलेलाच होता. त्याला बांधायला आता मी नव्हते, म्हणून त्यानं दोन्ही हात मागे बांधून तिला घेतलं.

आणि गमजा? त्यानं पहिल्याच दिवशी मला ओलं केलं, म्हणून तर मी आज दोरीवर आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गोधड्यांना अधूनमधून ऊन दाखवा, त्या कधी कामाला येतील सांगता येत नाही. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या पाठीवर कुणी येणार असेल, किंवा आलं असेल, आणि तुम्हाला खाली उतरल्यासारखं वाटत असेल, तर गुपचूप माझा बंद चावत बसू नका. ईसलसारखं मोठ्यानं विचारा, मी कुणाच्या पाठीवर? आणि घरातल्या मोठ्यांनो, असा प्रश्न कानावर आला तर आधी खाली बसा.