पहिला नंबर मावशीचा

मी मावशीच्या रक्ताची नळी बोलतेय. जांभळ्या टोपणाची, बोटाएवढी. कारखान्यातून आले तेव्हा अगदी गरीब स्वभावाची होते. मावशीचं रक्त पोटात गेलं आणि तोंड सुटलं!

मावशी प्रयोगशाळेत आली ती भांडायलाच. तिची भाची शहरात बस चालवते. भाचीच्या आईला, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीला, आता स्वतःचं घरही ओळखू येत नाही. म्हणून भाचीने विसरण्याच्या आजारावरच्या इथल्या अभ्यासात रक्त दिलं. त्यात त्या आजारात वाढणारं, मेंदूशी संबंधित एक प्रथिन भलतंच जास्त निघालं आणि भाचीबाई नोकरी सोडायला निघाल्या.

"डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची," भाची म्हणाली. "उद्या मी रस्ता विसरले तर? मागे पन्नास माणसं असतात, मावशी."

"दिवाच बिघडला असेल! " मावशी संशोधक बाईंकडे वळली. "अहो बाई, माझंही रक्त काढा. बघूच कोणाचं जास्त भरतं."

संशोधक बाईंनी सुई टोचली. मी भरले. मग मला यंत्रात घालून असं गरगरवलं की खाली लाल, वर पिवळं, असे माझे दोन थर झाले. मावशी तोवर बाहेर शिपायाला खुर्च्या कशा मांडाव्यात ते शिकवत होती.

काही आठवड्यांनी दोघींना बोलावलं. मावशीचा आकडा भाचीच्याही वर!

"पहिला नंबर माझा!" मावशीने टाळीसाठी हात पुढे केला.

भाचीला रडू फुटलं. "म्हणजे तूही विसरणार?"

"मी? तुझ्या लग्नात कोण रुसून न जेवता गेलं, नावानिशी सांगू?"

बाईंना हसू आवरेना. "तुम्हा दोघींच्या जनुकात एक सारखाच बदल आहे. त्यामुळे हे प्रथिन जन्मापासूनच जास्त बनतं. हा बदल असलेल्यांना विसरण्याचा आजार जास्त होतो, असं आम्हाला दिसलेलं नाही."

"मग मी विसरणार नाही?" भाचीने विचारलं.

"तशी हमी कोणालाच देता येत नाही. पण या आकड्यापायी नोकरी सोडू नका."

भाचीने घड्याळात पाहिलं. मग डोळे पुसून उठली. "चल मावशी. चारची बस माझी आहे."

"खिडकीची जागा दे. आणि ब्रेक हळू मार."

मी आता फ्रीझरमध्ये गोठून बसलेय. धाकटी बहीण का विसरते, ते अजून कोणालाच उमगलेलं नाही. त्या शोधात माझं उरलेलं रक्त लागेल. तेव्हा प्रयोगशाळेतल्या पोरांनो, फ्रीझरचं दार सताड उघडं टाकून गप्पा छाटू नका. मावशी अधूनमधून फोन करते, "सापडलं का?" म्हणून दरडावते. एकदा तरी तुम्हाला तिला 'हो' असं सांगता आलं पाहिजे.