कोरड्या फडक्याचा चमत्कार

अंबरपेठच्या त्या फंक्शन हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नात मांडतात तशा खुर्च्या मांडल्या होत्या आणि जो तो मांडीवर स्टीलचं ताट घेऊन बसला होता. ताट स्वतःच्या घरचं, नाव घातलेलं. कुणाचं लग्नातलं, कुणाचं बारशाचं. ‘लेखणी महाराज’ म्हणवणाऱ्या बाबांची ही अटच होती. पक्क्या शाईचा मार्करही भक्तांनीच दुकानातून आणायचा.

"आपलं काही नाही, बाबांनो," कॉलरला लावलेल्या माइकमधून महाराज सांगत होते. "ताट तुमचं, शाई तुमची, रोगही तुमचाच! माझी फक्त ही लेखणी. औदुंबराची काडी आहे. बारा वर्षं तपश्चर्येत भिजवलेली."

काडी काही दिसत नव्हती. लाल दोरा गुंडाळलेली एक पितळी नळी तेवढी दिसत होती. तपश्चर्येत काडी भिजते कशी, हेही कुणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या माधवीचा जबडा आवळला गेला. ती नामपल्लीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. असल्या गर्दीत ती एरवी फिरकलीही नसती. पण आदल्या रात्री प्रणितावहिनीचा फोन आला होता. "ताई, उद्या पूजा आहे. तुम्ही याच." त्या ‘याच’वर जरा जास्त जोर होता.

"पुढचे भक्त, कुलदीप, बेगम बाजार!" पुकारा झाला आणि माधवीचा थोरला भाऊ स्टेजवर चढला. मागून आई, भामाबाई, आणि तिचा हात धरून त्याची अकरा वर्षांची लेक राणी. राणीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सातव्या वर्षापासून ती रोज टोचून घेते. हल्ली स्वतःच्या हातानंच.

"धंदा कशाचा, बेटा?" महाराजांनी विचारलं.

"भांड्यांचा, महाराज. वीस वर्षं झाली."

"मग तूच सांग सगळ्यांना. स्टीलवरची पक्की शाई कशानं जाते?"

"थिनरनं. आम्ही पातेल्यांवर वजन लिहितो ना, ते गिऱ्हाइकाला देताना थिनरच्या बोळ्यानं पुसतो. दुसऱ्या कशानं जात नाही."

"पाण्यानं?"

"नाही."

"साबणानं?"

"नक्को ओ. घासून हात जातील, शाई जायची नाही."

"हुंग बरं. इथे थिनरचा वास येतोय?"

कुलदीपनं नाक वर करून चांगला दोनदा श्वास घेतला. "नाही, महाराज. नुसता धूप हाय."

"ऐका! वीस वर्षं भांडी विकणारा माणूस काय म्हणतोय ते ऐका!"

कुलदीपनं खिशातल्या मार्करनं राणीच्या ताटावर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘साखर’. कडेपासून कडेपर्यंत. वर काठावर कोरलेल्या ‘राणी’ या नावावरूनही एक फराटा गेला. भामाबाईंनी पाणी ओतलं, साबण लावून काथ्यानं घासलं. अक्षरं ढिम्म. ताट पुसून कोरडं केलं. मग महाराजांनी डोळे मिटून, ओठ हलवत, एकेका अक्षरावरून लेखणीनं लाल रंगात मंत्र लिहिला. लाल मंत्राखाली काळी साखर झाकली गेली. माइकमधून बारीक कुईं कुईं आवाज येत होता. हा आवाज आपल्या रोजच्या ओळखीचा आहे असं माधवीला वाटलं, पण धूप, टाळ्या आणि गलका यांत तो निसटला.

महाराजांनी पिवळं कोरडं फडकं फिरवलं आणि ताट उंच धरलं. आरशासारखं लख्ख.

"पोयिंदी! पोयिंदी!" शेजारची तेलुगू बाई उभी राहून ओरडली. गेलं, गेलं!

"साखर गेली!" महाराज गरजले. "आता सुई कशाला?"

स्टेजपुढे तांब्याचं मोठं घंगाळ ठेवलं होतं. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती, फिटच्या औषधाच्या बाटल्या होत्या, कुणाचा दम्याचा पंप होता. भामाबाईंनी पिशवीतून राणीच्या इन्सुलिनचा डबा काढला.

"आई, थांब!" माधवी ओरडली. जयघोषात तो आवाज तिलाही ऐकू आला नाही. खुर्च्यांतून वाट काढून ती पुढे पोचली तोवर डबा त्या ढिगात गेला होता आणि दोन धटिंगण घंगाळ पडद्यामागे ओढत होते.

घरी आल्यावर राणी गुडघे पोटाशी घेऊन दिवाणावर पडली. पाणी पी पी पीत होती आणि पुन्हा मागत होती. एकदा उलटीही झाली.

"हिनं सकाळी इन्सुलिन घेतलं होतं ना?" माधवीनं विचारलं.

प्रणितानं सासूकडे पाहिलं, मग नजर वळवली. "काल दुपारपासून नाही, ताई. ताट पुसायच्या आधी अंगात औषध नको, असा नियम हाय म्हणे."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"काल फोन हातातून काढून घेतला माझ्या. आत्ता तरी सांगायलेय."

माधवीनं राणीचं बोट टोचून रक्त यंत्रावर घेतलं. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मोजणीपलीकडे साखर गेली होती.

"दादा, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

"जाताना रोग उसळी मारतो, माधवी. महाराज बोलले होते. उद्यापर्यंत उतरंल."

"उद्यापर्यंत ही राहायची नाही!"

"काय अभद्र बोलायलीस पोरीबद्दल!" भामाबाई अंगावर आल्या. "तुझं शिकणं ठेव तिकडं. डोळ्यांनी बघितलं ना, साखर पुसली ते?"

"ताटावरची अक्षरं पुसली, आई. रक्तातली साखर कुणी पुसली?"

"मी काय येडा हाय का?" कुलदीपचा आवाज चढला. "माझा धंदा हाय तो. थिनरशिवाय ती शाई जात नाही. कोरड्या फडक्यानं गेली, हजार लोकांसमोर! मी वास घेऊन बघितला!"

माधवीला वाटलं, या माणसाच्या एक थोबाडीत द्यावी. तिनं हात मागे बांधले.

"वास घेता येतो ना तुला? मग इकडे ये. हिचं तोंड हुंग."

"काय?"

"हुंग म्हणते ना!"

कुलदीप दिवाणाशी वाकला. राणी तोंड उघडून भराभर श्वास घेत होती. तो तसाच वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"कशाचा वास आहे, दादा?"

"थिनर," तो म्हणाला. "दुकानातल्या फडक्यासारखा."

"इन्सुलिन नाही, म्हणून हिच्या शरीराला साखर वापरता येत नाही. ते चरबी जाळतंय. त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं. तुझ्या थिनरात घालतात तेच. स्टेजवर जो वास शोधत होतास, तो पोरीच्या तोंडाला येतोय. रक्त आम्ल होत चाललंय तिचं."

कुलदीपनं राणीला उचललं. अनवाणीच बाहेर पळाला.

"अरे, महाराजांनी पुसलेलं ताट तरी बरोबर घ्या..." भामाबाई म्हणाल्या. ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "रात्रीपर्यंत थांबला असतात तर ही बेशुद्ध झाली असती. नंतर मला काहीच सांगता आलं नसतं." एवढंच. कुलदीप भिंतीला टेकून खाली बसला.

राणी वाचली. तिला साध्या वॉर्डात हलवलं त्या दुपारी नर्स आली आणि कॉटेमागच्या पांढऱ्या फळ्यावर तिचं नाव लिहू लागली. कुईं, कुईं.

माधवी ताडकन उठली. हा आवाज! रोज सकाळी पहिल्या तासाला, तिच्याच हातातून निघणारा!

"दादा, खिशात मार्कर आहे?"

तो नेहमीच असायचा. माधवीनं जेवणाच्या डब्याचं झाकण पुसून त्याच्यापुढे धरलं. "लिही. ‘साखर’."

"आता कशाला जिवाला लावून घेतीस..."

"लिही."

त्यानं लिहिलं. माधवीनं नर्सकडून फळ्याचं हिरवं पेन मागून घेतलं आणि त्या काळ्या अक्षरांवरून, ती पूर्ण झाकली जातील अशा बेतानं, ठळक लिहिलं, ‘कांदे, बटाटे, कोथिंबीर’. मग कोरड्या रुमालानं पुसलं.

झाकण लख्ख.

कुलदीप झाकणाकडे बघत राहिला. कॉटच्या पायथ्याशी बसलेल्या भामाबाईंनी तोंडावर पदर धरला. "अगं, तुझ्या हातालाही..."

"माझ्या हाताला काही नाही, आई! राणी, तू कर."

कुलदीपनं पुन्हा लिहिलं. राणीनं सलाइन नसलेल्या हातानं त्यावर जाडजूड उंदीर काढला, आतून सगळा भरून टाकला आणि रुमाल फिरवला. उंदीर गेला, साखर गेली.

"आजी, आता माझ्या पाया पड," ती म्हणाली. "आपुन उंदीर महाराज!"

प्रणिता हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"पक्क्या शाईत रंग असतो आणि राळेसारखा चिकट पदार्थ," माधवी सांगू लागली. "तो पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटसारख्या द्रवात विरघळतो. म्हणून तुझं थिनर चालतं, सॅनिटायझरही चालतं. फळ्याच्या पेनातही तसलाच द्रव असतो, थोडासा. वरून लिहिलं की खालची शाई सुटते आणि नव्या शाईत मिसळते. या पेनाच्या शाईत जरा तेलकट अंश असतो, म्हणून ती कशाला चिकटून बसत नाही. मग दोन्ही एकदमच कोरड्या फडक्यावर येतात. वास थोडाच येतो, तो धुपाखाली मरतो."

"म्हणजे थिनरच," कुलदीप हळूच म्हणाला. "पेनात भरलेलं."

"जवळजवळ. तुला थिनर माहीत होतं, म्हणून तर त्यानं तुला वर बोलावलं. न कळणाऱ्या माणसाच्या साक्षीला किंमत नसते. त्यानं तुझा धंदाच तुझ्या पोरीवर चालवला, दादा."

घरी जाऊन कुलदीपनं देव्हाऱ्यात ठेवलेलं राणीचं ताट काढलं आणि उजेडात धरलं.

पुढच्या रविवारी त्याला हॉलच्या दारात बघून महाराजांना आनंद झाला. "या, या! भांडीवाला साक्षीदार आला! सांग बेटा, पोरगी कशी आहे?"

"हॉस्पिटलमधून काल घरी आली," कुलदीप माइकजवळ जाऊन म्हणाला. "तुमच्यामुळं गेली होती."

महाराजांनी हात वर केला.

"श्रद्धा कमी पडली, बेटा..."

"श्रद्धा भरपूर होती. इन्सुलिन कमी पडलं." त्यानं ताट वर केलं. "हे नाव माझ्या पोरीच्या बारशाला मी स्वतः मशीननं घातलं. महाराज बोलले, रोगाचं निशाण उरत नाही. बघा, ‘राणी’च्या खाचांत काळी शाई तशीच हाय. मंत्राला खाचेत जायला काय झालं? फडकं पोचलं नाही, म्हणून राहिली!"

मग त्यानं सगळ्यांसमोर ताटावर ‘साखर’ लिहिलं, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या फळ्याच्या पेनानं वरून कांदे-बटाटे लिहिले आणि बनियनच्या फडक्यानं पुसून दाखवलं.

"आणि आता तुम्ही करा." पिशवीतून त्यानं रांजणावरचं मातीचं झाकण काढलं. त्यावर मोठं काळं ‘साखर’ लिहिलेलं होतं. "चालवा लेखणी."

"देव धातूतच उतरतो," महाराज म्हणाले. मातीत शाई मुरते आणि मुरलेली शाई फडक्यावर येत नाही, हे त्यांना कुलदीपपेक्षा आधी माहीत होतं.

"हौ का! गरिबाच्या मडक्यात नाही उतरत?" मागून कुणीतरी ओरडलं.

गलका झाला. महाराज उठायला आणि पितळी नळी कुलदीपच्या हाती यायला एकच गाठ पडली. त्यानं लाल दोरा खसकन ओढला आणि नळी उपडी केली. आतून लाल टोपणाचं, कुठल्याही शाळेत मिळेल असं फळ्याचं पेन स्टेजवर पडलं आणि घरंगळत गेलं. धटिंगणांनी महाराजांना मागच्या दारानं काढलं, पण माधवीनं सकाळीच पोलिसांत तक्रार दिली होती. मागच्या दारात जीप उभी होती.

लोक घंगाळावर तुटून पडले. गोळ्या, बाटल्या, पंप, जे हाताला लागेल ते. कुलदीपबरोबर आलेल्या माधवीनं माइक घेतला.

"थांबा! त्यातलं काहीही तोंडात घालू नका. कुठलं औषध कुणाचं, कळणार नाही. आपापल्या डॉक्टरकडे जा, आजच जा, आणि किती दिवस औषध बंद होतं ते खरं सांगा. लाजू नका. आणि एक लक्षात ठेवा. ताटावर लिहिलेलं रोगाचं नाव हा रोग नसतो. तो रक्तात असतो, फुप्फुसात असतो आणि तो गेला की नाही हे तपासूनच कळतं. कुणी काही पुसून दाखवलं तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा. कशानं पुसलं? दुसऱ्यानं पुसलं तर जाईल का? मातीवरून जाईल का? औषध बंद करा म्हणणाऱ्याला तर एकच विचारा, उद्या काही झालं तर तू कुठे असशील? एवढे प्रश्न आपण बेगम बाजारात पातेलं घेताना विचारतो. पोरांच्या जिवासाठी विचारायला काय होतं आपल्याला?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हातातली दुसऱ्याची गोळ्यांची पट्टी परत घंगाळात टाकली आणि काठी शोधू लागला.

त्या रात्री राणीनं पोटाला सुई टोचली आणि त्याच ताटात जेवायला बसली.

"थिनरनं तेवढ्या खाचा साफ कर रे," भामाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "बघवत नाही मला."

"नको, आई," कुलदीप म्हणाला. "आपल्याला बघायलाच पाहिजे ते."

ताटाच्या काठावर ‘राणी’ ही दोन अक्षरं काळीच राहिली.