विटांच्या रेघांखालची माती

मी भिंत बोलतेय. दरवाजाकडची, रस्त्यावरून दिसणारी. अंगाने मी मातीची, दिसायला मात्र पक्क्या विटांची, आणि त्याचा मला थोडा तोराही आहे.

या घरातले काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लग्न ठरताना त्यांनी काकूंना विटांचं घर बांधून देण्याचा शब्द दिला होता. ते काही जमेना, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी रंगाचे डबे उघडले आणि माझ्यावर एकेक वीट रंगवून काढली, प्रत्येक विटेखाली बारीक सावलीसुद्धा. काकू बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आता यात खिळा ठोकून दाखवा."

खिळा ठोकला की माझं ढेकूळच खाली येतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पुढे ही चेष्टा घरात रोजचीच झाली. काका हसण्यावारी न्यायचे. पण ते मला टेकून बसतात ना, त्यांची पाठ ताठ झालेली मला कळायची. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, ब्रशही सुटलाय.

परवा जनगणनेच्या बाई आल्या. छप्पर पत्र्याचं, जमीन फरशीची, असं भराभर झालं. माझ्यावर त्यांनी नुसती नजर टाकली आणि "भिंती विटांच्या" म्हणत लिहायला लागल्या.

काका सावरून बसले. इतक्या वर्षांनी त्यांचा शब्द सरकारदरबारी का होईना, खरा ठरत होता. काकूंना खोटं अजिबात खपत नाही. तरी त्या क्षणभर घुटमळल्या.

"हात लावून बघा," त्या हळूच म्हणाल्या.

बाईंनी बोट फिरवलं. नखात माती आली. काकांची मान खाली गेली, आणि मला तर तिथल्या तिथे ढासळावंसं वाटलं.

बाईंनी नोंद बदलून माती लिहिली. मग पुन्हा माझ्याजवळ आल्या, सावल्या निरखून पाहिल्या.

"काका, हे तुमचं काम? सकाळपासून भिंतीच बघतेय मी. फसले ती इथेच."

काकांची पाठ सैल झाली.

बाई गेल्यावर काकू माझ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. खालच्या विटा पाण्याच्या शिंतोड्यांनी पुसट झाल्यात. त्या म्हणाल्या, "उद्या रंग आणते. तुम्ही सांगा, ब्रश मी धरते."

आता माझी खालची ओळ वाकडी आहे आणि सावल्या भलत्याच बाजूला पडल्यात. काका तिच्यावरून बोट फिरवून छान झालंय म्हणतात. कधी इकडून गेलात तर थांबा, खुशाल हात लावून बघा. फक्त खिळा तेवढा ठोकू नका.